भोंगाताई

आमच्या रक्तपेढीतला संगणक सकाळी सुरू होताना वाजायचा. एकदा वाजला तर ठीक. दोनदा वाजला तर सेटिंगची फाइल बिघडली, तीनदा वाजला तर डिस्क भरली. ही करामत आमच्या वरिष्ठ ताईंची. रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदींचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, म्हणून सगळे त्यांना भोंगाताई म्हणायचे, तेही तोंडावर. त्या नुसत्या हसायच्या. काय दिवस होते हो ते!

मी नवा, कच्च्या नोकरीवर आणि डोक्यात हवा. म्हटलं, "अहो ताई, काय बिघडलं ते सगळं लॉगच्या फाइलमध्ये आपोआप लिहिलं जातंच की! ही पिपाणी कशाला?"

"अरे, लॉग उघडायच्या आधीच प्रोग्राम कोसळला तर? मग सांगणार कोण तुला?"

मी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात, त्यांना न विचारता, ते वाजणं काढून टाकलं. दीडशहाणा ना मी!

चार दिवसांनी प्रोग्राम सुरूच होईना. लॉग पाहिला तर कोरा करकरीत. काउंटरवर एक गृहस्थ उभे, बायकोचं ऑपरेशन रक्तासाठी थांबलेलं. आणि कोणती पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये, हे त्या डबड्यालाच ठाऊक. मी ताईंना हाक मारली.

ताई आल्या. "किती वेळा वाजला?"

"काढलंय मी ते."

त्यांनी ड्रॉवरमधून जुना छापील कागद काढला आणि मी पुसलेल्या ओळी पुन्हा टाइप केल्या. दोनदा वाजला. म्हणजे सेटिंग. आदल्या दिवशी त्या फाइलमध्ये एक कंस मीच उघडा सोडला होता. लॉग कुठे लिहायचा, हेही त्याच फाइलमध्ये. बिचारा लिहिणार कुठे? कंस लावला, पिशवी सापडली, गृहस्थ धावत सुटले.

दुपारी साहेबांनी बिघाडाची वही मागवली. माझी नोकरी गेल्यात जमा होती. ताईंनी वही ओढली आणि लिहिलं, 'चूक माझी. चार दिवस वाजला नाही, तरी मी विचारलं नाही.' खाली सही. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

निवृत्तीला तीन आठवडे उरलेले असताना त्यांना लेखी ताकीद मिळाली.

आता त्या खुर्चीत मी बसतो. संगणक तीनदा बदलले, वाजणं तेच ठेवलंय. परवा ती वही काढली आणि त्यांच्या सहीखाली लिहिलं, 'चूक माझी होती.' खाली माझी सही.

वाचायला ताई नाहीत. फार उशीर केला मी.