अक्काच्या मक्यातला रिकामा सापळा

“सापळा रिकामा आहे,” हे वाक्य गेल्या पावसाळ्यात मी इतक्या समाधानानं ऐकत असे, की आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

मी अमळनेरला प्राणिशास्त्र शिकवतो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, सोनगीरजवळच्या एका गावात दिलेली आहे. मेहुणे गेल्यापासून शेत तीच पाहते. थोडा कापूस, बाकी मका, आणि गोठ्यात दोन म्हशी. मक्याचं कणीस बाजारात जातं आणि हिरवा पाला म्हशींना. विषारी औषध फवारलं की तो पाला बरेच दिवस गोठ्यात आणता येत नाही. म्हणून फवारणी शक्यतो टाळायची, हा तिचा नेम. लष्करी अळीचं काय करावं, असं तिनं पावसाळ्याच्या सुरुवातीला विचारलं, तेव्हा मी दोन कामगंध सापळे घेऊन गेलो.

अशा सापळ्याच्या टोपणाखाली रबराची एक इवलीशी टोपी अडकवतात. दुकानात तिला ल्यूर म्हणतात. मादी पतंग रात्री जो गंध हवेत सोडते, त्याची नक्कल त्या रबरात मुरवलेली असते. नर त्या गंधाच्या मागानं येतो आणि खालच्या पिशवीत पडतो. नर पडू लागले की लवकरच अंडी येणार असं समजून मक्याचे पोंगे, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळ्या, उघडून पाहायला लागावं. आणि नर पडत नसतील तर निर्धास्त राहावं. यातलं शेवटचं वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही. ते मी माझ्या पदरचं जोडलं आणि अक्काला सांगितलं.

मग रोज सकाळी फोन. “किती पडले?” “एकबी नही, भाऊ.” कधी दोन-तीन फिकट पतंग पडत, तिनं पाठवलेल्या फोटोवरून ते भलत्याच जातीचे आहेत हे मला कळे आणि मी अधिकच निश्चिंत होई. आम्ही दोघंही आनंदात होतो. पोंगे मात्र दोघांपैकी कुणीच उघडले नाहीत. मी सुट्टीत गेलो तेव्हा पानांना चाळणीसारखी भोकं पडली होती आणि प्रत्येक पोंग्यात ओल्या भुशासारखी अळ्यांची लेंडी साचली होती. अक्का रागावली नाही. गोठ्याकडे पाहत एवढंच म्हणाली, “तुना सापळा उपाशी ऱ्हायना, आते मन्या म्हशीबी ऱ्हातीन.”

दिवाळीनंतर तिनं पुन्हा मका पेरला, पण या वेळी उगवल्यापासूनच फवारणी करायचं ठरवून. मग पाल्याचा भरवसा नाही, म्हणून धाकटी म्हैस विकायची. एक व्यापारी येऊन तिचे दात पाहूनही गेला होता. ही म्हैस अक्कानं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. माझ्या एका जोडवाक्याची किंमत ती म्हैस देणार होती.

हे तिच्याकडून ऐकून परतताना बसमध्ये मी स्वतःला सोडलं नाही. ही अळी अमेरिकेतून आफ्रिकेत आणि तिथून आपल्याकडे आली, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. मादीचा गंध हे काही पदार्थांचं मिश्रण असतं आणि एकाच जातीच्या पतंगांत त्याचं प्रमाण मुलखागणिक बदलू शकतं, हेही सांगतो. एखादा पदार्थ किंचित कमीजास्त झाला तरी एका प्रांतात भरून जाणारा सापळा दुसऱ्या प्रांतात ओस पडू शकतो. फळ्यावर हे सगळं माझ्या सुंदर अक्षरात असतं. आणि तरीही मी पाकिटावर लिहिलेलं वाचून, जणू सोनगीरच्या पतंगांनीही ते वाचलं असावं, अशा थाटात सापळा टांगून आलो होतो. अर्थात दोष गंधाचाच होता असंही म्हणवेना. ते ल्यूर उन्हाळाभर माझ्याच कपाटात पडून होते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात कपाटाची भट्टी होते. कारण काय, हे ठाऊक नव्हतं. ते शोधायचं, मी ठरवलं.

अक्काला फोन करून म्हणालो, फवारणी आणि म्हैस, दोन्ही थोडं थांबव. ती म्हणाली, “मक्याचा पोंगा धरेपर्यंत थांबते. पुढे एक दिवस नाही.” असं निर्वाणीचं बोलायचं असलं की ती अहिराणी सोडून आम्हा शिकलेल्यांसारखं बोलते.

तिच्या शेजारच्या नानांचा उशिरा पेरलेला मका अजून उभा होता आणि अळ्यांनी भरलेला होता. नाना म्हणजे मेहुण्यांचे जुने सोबती. त्यांच्या शेतातून मी अळ्या वेचल्या. या अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी आणि रोज कोवळं पान. त्यांचे कोष झाले, ते भिंगाखाली पाहून नर-मादी वेगळे केले. थंडीमुळे पतंग बाहेर यायला वेळ लागला. दरम्यान मी मनानं सोनगीरच्या मक्याची उंची मोजत होतो. ज्यांचा नराशी संबंध आलेला नाही अशा माद्या मला हव्या होत्या, कारण त्याच गंध सोडून नराला बोलावतात. त्यांना ठेवायला चहाच्या दोन गाळण्या तोंडाला तोंड लावून तारेनं बांधल्या. असे तीन पिंजरे झाले.

“अहो, सहाच्या सहा गाळण्या? मग चहा कशानं गाळू?” पत्नी म्हणाली.

“आठ दिवस रुमालानं.”

“तुमच्याच रुमालानं गाळते,” ती म्हणाली, आणि खरोखरच गाळला.

अक्काच्या शेतात चार सापळे टांगले. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले ताजे ल्यूर दोन सापळ्यांत, एकात इथल्याच माद्या, आणि चौथा तुलनेसाठी मुद्दाम रिकामा. नाना बांधावर बसून पाहत होते.

“काय सर, पोरी देखाडाले टांगी दिन्यात का?”

“देखूत, कितला नवरदेव येतस,” अक्का म्हणाली. कित्येक दिवसांनी ती हसली होती.

पहिल्या सकाळी एकही नवरदेव नव्हता. गाळणीत फक्त पंख उरले होते. मुंग्यांनी माद्या संपवल्या होत्या. घरी आणखी कोष होते. पुढच्या खेपेला तारेला ग्रीस चोपडलं आणि नव्या माद्या टांगल्या. जागेचा दोष गंधाच्या माथी येऊ नये, म्हणून सापळ्यांच्या जागा आळीपाळीनं बदलत गेलो. नानांनी विचारलंच, “सापळानीबी बदली व्हस का, सर?”

त्यानंतरच्या सकाळी अक्कानं पिशवी सोडली आणि झटकन हात मागे घेतला. माद्यांच्या सापळ्यात नर फडफडत होते. पंखाच्या टोकाजवळ पांढरट ठिपका, लष्करी अळीच्या नराची खूण. एका ल्यूरच्या सापळ्यात तुरळक. दुसऱ्यात, म्हणजे पावसाळ्यात मी आणलेल्याच प्रकारच्या ताज्या ल्यूरच्या सापळ्यात, तेच भलत्या जातीचे दोन पतंग. चौथ्यात काहीच नाही. पुढच्या रात्रींत आकडे वरखाली झाले, पण क्रम तोच राहिला.

एका शेतावरून आणि थोड्या रात्रींवरून मुलखाचा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करीन. पण एवढं मात्र नक्की झालं, की त्या शेतात नर होते, आणि माझा ल्यूर ताजा असूनही त्यांना ओळखीचा वाटत नव्हता. पावसाळ्यातही तसंच झालं असेल तर प्रश्न मी सापळ्याला विचारत होतो, आणि त्याचं ‘एकबी नही’ शेताचं उत्तर म्हणून ऐकत होतो.

मी अक्काला ते तसंच सांगितलं. “तेव्हा निर्धास्त राहा म्हणालो, ते माझं चुकलं. सापळ्यात काहीही पडो, पोंगे उघडायचे.” तिनं मान हलवली आणि लुगड्याचा पदर खोचला. आम्ही दोघं नागमोडी फेरे घालत पोंगे उघडत निघालो. अळ्या सापडल्या, नखाएवढ्याही नव्हत्या, आणि होत्या त्या बहुतेक नानांच्या बांधाकडच्या पट्ट्यात. अक्कानं त्या पट्ट्याला चार खुंट्या ठोकून चिंध्या बांधल्या. फवारणी तेवढ्यातच करायची, आणि तिथला पाला गोठ्यात आणायचा नाही. उरलेला मका म्हशींचा.

व्यापारी पुन्हा आला तेव्हा मी तिथंच होतो. अक्का हिरव्या पाल्याचा भारा धाकटीपुढे टाकत होती. मागे वळून न पाहताच ती म्हणाली, “नही देवानी. तिले आते पाला शे.”

पिंजऱ्यातल्या माद्या चार-सहा दिवसांत मरतात, म्हणून दर रविवारी मी नव्या माद्यांचा डबा घेऊन जातो. दुकानात सोनगीरच्या माद्या मिळत नाहीत. पुढच्या खरिपात धरणगावकडच्या एका शेतात आणि अमळनेरला हेच चार सापळे लावणार आहे; तिथला नर कुणाकडे वळतो, ते तिथंच पाहायला हवं. गेल्या रविवारी डबा हातात देऊन मी बसस्टँडकडे वळलो, तर अक्कानं मागून हाक मारली. “भाऊ, बसनी घाई करू नको. पहिले पोंगा देखी ले.”

मी पिशवी बांधावर ठेवली आणि मक्यात शिरलो.