दोन चमचे आणि एक सुई

रोगाशी झुंजण्याची ताकद आणि बुद्धीची धार रोज दोन चमच्यांत मिळते, असा आमच्या शेजारी राहणाऱ्या, कोर्टात कारकून असलेल्या आण्णांचा सिद्धांत होता. आवळा, ब्राह्मी आणि मध यांची ती बाटली ते रोज सकाळी ओट्यावर उन्हात धरत, डोळे मिटून दोन चमचे घेत आणि मग गल्लीला एक व्याख्यान देत.

त्या साली गल्लीत उंदीर मरून पडले. प्लेगची सुई टोचायला डॉक्टर आमच्या शाळेत येऊन बसले. तिसऱ्या दिवशी समोरच्या विणकर बाई भर व्याख्यानात पुढे आल्या.

“आण्णा, पोरींना सुई टोचू का तुमचं औषध देऊ? खरं सांगा की. दोनच हायत मला.”

सगळी गल्ली ऐकत होती. कारकुनांनी बाटलीला बूच लावलं.

“सुई. आत्ताच्या आत्ता जा.”

“आन् बाटली?”

“पोरी रडल्या, तर चमचाभर द्या. गोड आहे.”

बाई पोरींना घेऊन शाळेत आल्या. टोचून घेणाऱ्यांची नावं वहीत मीच लिहीत होतो. पहिल्या दिवसाचं पहिलं नाव कारकुनांचं होतं.