फलकावरची घाण

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. काचेवर बोटाचा पुसटसा ठसा राहिला तरी तिच्या कपाळाला आठी पडे. दुकानदार वैतागून म्हणे, "बाई, गिऱ्हाईक काय दुर्बीण लावून बघणार आहे?" ती काच पुन्हा चाकाला लावायची.

घरी तिचा दुसरा संसार होता: हॅम रेडिओ, जगभरच्या हौशी माणसांशी बोलायचं बिनतारी यंत्र. ज्या खोलीत तो होता तिला नवऱ्याने 'सवतीची खोली' असं नाव ठेवलं होतं. हा नाद तिला मामाने लावला. मामा बोटीवरचा निवृत्त रेडिओ ऑफिसर. ती शाळेत होती तेव्हा ओट्यावर चमचा वाजवून त्याने तिला मोर्सची आखूड-लांब ठोक्यांची भाषा शिकवली. तिचे चिवचिवते ठोके ऐकून तो तिला 'चिमे' म्हणू लागला, आणि चाळिशी उलटली तरी ती त्याची चिमीच होती.

रेडिओवाल्यांचा कॉम्प्युटरवर एक फलक असतो. जगात कुणालाही एखादं दुर्मीळ स्टेशन ऐकू आलं की तो त्यावर एक ओळ टाकतो: कोण, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, दोन शब्दांचा शेरा, आणि खाली स्वतःचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं हवेवरचं नाव. बाकीचे ती ओळ वाचून तिकडे धावतात. कल्पना छान, पण अलीकडे तो फलक म्हणजे उकिरडा झाला होता. यंत्रांनी आपोआप टाकलेल्या ओळींचा पूर, स्वतःचीच आरती ओवाळणारे, एकमेकांची उणीदुणी काढणारे. ती वैतागली तेव्हा मामाच एका रविवारी येऊन कॉम्प्युटरसमोर बसला.

"हे बघ चिमे, चाळणी बारीक करत न्यायची. यंत्रांच्या ओळी? रिजेक्ट. तुझी अँटेना जिथलं ऐकतच नाही ते बँड? रिजेक्ट. आणि एखादा माणूसच नको असेल, तर त्याचं कॉल साइन टाकायचं."

फलक घासलेल्या काचेसारखा स्वच्छ झाला. तिने मामाला चहा दिला, वर वाटीभर चिवडाही.

त्या दिवसांत एका दूरच्या बेटावरच्या शाळेतली शिक्षिका हवेवर येऊ लागली होती. झेंड्याच्या खांबाला अँटेनाची तार बांधून ती सावकाश मोर्स पाठवायची. बेट दुर्मीळ, त्यामुळे तिला हाका मारणाऱ्यांची झुंबड उडायची. बाई मात्र शांत. एकेकाला उत्तर द्यायची, आभार मानायची, मग पुढच्याला घ्यायची.

आणि फलकावर तिच्या नावापुढे शेरे पडू लागले. 'बहिरी.' 'बाई, चूल सांभाळ.' एक तर इतका गलिच्छ की वाचताना भातात झुरळ निघावं तसं झालं. शेरे टाकणाऱ्याचं कॉल साइन खोटं होतं, कुठल्याच यादीत नसलेलं.

तिने मामाला फोन लावला. "अगं, असले लोक असायचेच," तो म्हणाला. "रिजेक्ट कर, विषय संपला. बघितलं नाही की ते नसतंच."

तिने केलं. चार दिवसांनी तोच माणूस दुसऱ्या खोट्या नावाने आला, मग तिसऱ्या. गावातल्या रेडिओ क्लबात तिने विषय काढला तर अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "आम्ही तर केव्हाच फिल्टर लावला. तुम्ही कशाला वाचत बसता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी ते वाचलं होतं, आणि सगळ्यांनी नाक मुरडून आपापली खिडकी लावून घेतली होती.

तिने मग उलटं केलं. नाकारण्याऐवजी फिल्टर असा लावला की फलकावर फक्त त्या शिक्षिकेबद्दलच्या ओळी दिसाव्यात, कुणीही टाकलेल्या. आणि रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून बसली.

गर्दीत तिला मामाचा हात, म्हणजे त्याची ठोके पाठवायची ढब, ओळखू आली. प्रत्येकाचा हात सहीसारखा असतो. मामा शेवटची रेघ, म्हणजे लांब ठोका, किंचित ओढायचा. भरधाव हाका मारत होता. बाईंनी दुसऱ्याच कुणाला उत्तर दिलं. मामाने मध्येच पुन्हा हाक घातली. बाईंनी तिसऱ्याला घेतलं. मामा गप्प झाला, आणि पाठोपाठ फलकावर ओळ पडली: 'थेरडे, झोप जा.'

योगायोग, तिने मनाला बजावलं. पुढच्या वेळी तसंच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. तेव्हा तिने हेडफोन काढले आणि पदराने कान पुसले, खरोखरच काही लागल्यासारखे.

मामाच्या घरी ती गेली तेव्हा तो संत्रं सोलत होता. एक फोड त्याने तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

"मामा, बेटावरच्या बाईंना शिव्या तू घालतोस?"

त्याचा हात थांबला नाही. "कोण म्हणतं?"

"तुझ्या हाका थांबल्या की ओळ येते. दर वेळी."

"अगं, ती काय ऑपरेटर आहे? बैलगाडी नुसती! जगभरची माणसं ताटकळतात तिच्यापायी."

"मग स्वतःच्या नावाने लिही."

"माझ्या नावाने?" मामा मनापासून हसला. "माझी काही इज्जत आहे की नाही? आणि तुला त्रास नको म्हणून तर मी स्वतः येऊन फिल्टर शिकवला."

तिचा फलक झाडून द्यायला आलेला हा माणूस! तिने आपण होऊन त्याच्यावर पडदा ओढावा म्हणून साळसूदपणे शिकवून गेला होता. आणि आपण त्याला चिवडा खाऊ घातला.

दाराशी मामीने तिला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाली, "असू दे गं. तिथे ओकून घेतात, म्हणून माझ्या वाट्याला कमी येतं."

मामीच्या तोंडाकडे तिला बघवेना. तिचा हात नुसता दाबून ती बाहेर पडली.

फलक सांभाळणारा माणूस पेशाने बेकरीवाला होता. तिने त्याला सगळं कळवलं. त्याने तपासलं, खोटी नावं आणि मामाचं खरं नाव एकाच इंटरनेट जोडणीवरून येत होती. त्याने फलकावरचं मामाचं दार बंद केलं. क्लबात गहजब झाला. अध्यक्ष म्हणाले, "घरातलं घरात मिटवायचं होतंत." आईचा फोन आला.

"ज्याने तुझ्या बोटांना वळण लावलं त्यालाच चव्हाट्यावर आणलंस?"

"त्याचीच तर किळस येते, आई. मी मोर्सची कळ दाबते आणि मला त्याचा हात ऐकू येतो."

आईने फोन ठेवला, आणि पुढे बरेच दिवस केला नाही.

एका संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तिने शिक्षिकेला हाक घातली आणि फलकावरच्या शेऱ्यांबद्दल, इथल्या सगळ्यांच्या वतीने, माफी मागितली. उत्तर सावकाश, एकेक अक्षर सुटं करत आलं. कसला फलक? इथे इंटरनेट नाही. मग थोडं थांबून: एक ऑपरेटर फार भरभर पाठवतो, मला झेपत नाही. त्याला सांगा, जरा सावकाश. मला त्याच्याशी बोलायचं आहे.

म्हणजे जिच्यासाठी ती घाण ओतली जात होती, तिच्यापर्यंत शिंतोडाही पोचला नव्हता. ती घाण फक्त इथे, फलक वाचणाऱ्यांच्याच अंगणात साचली होती.

उत्तर आणखीही कुणी ऐकत होतं. ती बाजूला होताच एक हाक आली, तिने कधी ऐकली नव्हती इतकी हळू. शेवटची रेघ किंचित ओढलेली. 'प्रिय बाई, शुभ संध्या,' मामा पाठवत होता, मध घोळवून. शिक्षिकेने आनंदाने उत्तर दिलं, सवड काढून बोलल्याबद्दल त्याचे आभार मानले. इकडे चिमीने रेडिओचं बटण खटकन बंद केलं.

पुढच्या बैठकीत मामाने त्या दुर्मीळ बेटाशी आपलं बोलणं झाल्याचं छाती फुगवून सांगितलं. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी पाठ थोपटली. तिने आपल्याकडची क्लबाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाली.

"सोडलास नाद?" नवऱ्याने विचारलं.

"क्लब सोडला," ती म्हणाली आणि साबणाने हात धुऊ लागली.