सहीचं लुगडं

ठाण्याच्या नौपाड्यात कलावतीबाईंची खानावळ होती. पंगतीला बारा-पंधरा कारकून आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, ‘बाई, कुठे खोली बघा हो!’ तीन वर्षं ते ऐकून बाईंच्या डोक्यात शिरलं की नुसती आमटी वाढत बसण्यापेक्षा खोल्याच बांधाव्यात. डोंबिवलीच्या गावठाणात काळुरामची पाच गुंठे जागा विकायची आहे, ही बातमीही पंगतीतच लागली. बाई गेल्या, विहिरीचं पाणी चाखलं आणि पंधराशेला सौदा ठरवून तीनशे रुपये इसार देऊन मोकळ्या झाल्या. उरलेले बाराशे अक्षय्य तृतीयेच्या आत द्यायचे, नाहीतर इसार बुडाला.

सहा जेवणाऱ्यांनी खोलीचे आगाऊ शंभर-शंभर दिले, तेही बाईंच्या नुसत्या शब्दावर. सोन्याच्या बांगड्या मोडून सहाशे येणार होते. जागेचं भागत होतं. भिंती कशाच्या उभ्या करायच्या, हे मात्र बाईंनी देवावर सोडलं होतं.

मामलेदार कचेरीतला हरिहर एकदा ताक पिता पिता इसारपावती वाचू लागला आणि थबकला.

“बाई, काळुरामला बहीण आहे?”

“आहे की. रतन. दिवा गावात दिलीय.”

“आणि बाप कधी वारला?”

“गेल्या दिवाळीत. आई तर आधीच गेलेली.”

“मग निम्मी जागा तिची. गेल्या वर्षीच, छप्पन साली, वारसाचा नवा कायदा आलाय, लेकीलाही मुलाएवढा वाटा. तिची सही हवीच.”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. लग्न झालेल्या लेकीला विचारायचं असतं, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाई स्वतः बाईमाणूस, पण त्यांच्याही नव्हतं!

बाईंनी काळुरामला गाठलं, तर तो हसला. “तिला काय ईचारायचा? एक लुगडा न्या, आंगठा घ्या. समद्या बहिनी देतान.”

बाईंनी हिरवंगार लुगडं घेतलं आणि दिवा गाठलं. रतन अंगणात सुकट वाळत घालत होती. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाली, “लुगडा आनला असेल ना, बाय? काढा. कुठं आंगठा देऊ?”

बाईंचा हात पिशवीत गेला आणि तिथेच अडकला. नवरा गेल्यावर दिरांनी त्यांनाही असंच लुगडं दिलं होतं, निळं. चार वर्षं ते चुलीपुढे नेसून फाटलं. नवऱ्याच्या वाट्याची संगमेश्वरकडची जमीन मात्र कायमची गेली. आठवून त्यांना दिरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“लुगडं नाही आणलं,” बाई चक्क खोटं बोलल्या. “निम्मी किंमत तुझी. साडेसातशे. तुझ्याच हातात देईन.”

रतनने मान हलवली.

“घरात पैसं आलं का ते माझं नाय रहात, बाय. पैसं नको. मना एक खोली द्या. बापाचे जागंत.”

बाईंनी मनात हिशेब केला. रतनचे साडेसातशे हातात उरले की भिंती उभ्या राहत होत्या! पंगतीतल्या एवढ्या शिकलेल्यांपैकी एकाला हे सुचलं नव्हतं. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या.

काळुराम चार दिवस घुश्शात होता. पण त्याच्या साडेसातशेला धक्का लागत नव्हता, म्हणून मुदतीच्या आत तो कल्याणच्या कचेरीत बहिणीशेजारी येऊन बसला. दोघांचे अंगठे उठले. खोली रतनच्या नावावर, हेही कागदात आलं.

दिवाळीला सात खोल्या तयार झाल्या. विहिरीजवळच्या खोलीला रतनने स्वतः कुलूप आणलं होतं. बाईंनी पिशवीतून ते हिरवं लुगडं काढून तिच्या हातात दिलं.

“तवाच आनलेला ना?” रतनने विचारलं.

“हो. तेव्हा द्यायची लाज वाटली. आता घे.”

रतन आत गेली, लुगडं नेसून बाहेर आली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली नव्या पदराच्या टोकाला घट्ट बांधली.