बिनमिठाचा गंज

बाई गेली हे सांगायला भाच्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "राणीनं खाल्लं का?" राणी म्हणजे बाईची कुत्री. सख्खी बहीण गेली आणि हिला कुत्रीची पडली, म्हणून पुढे सगळ्यांनी मला नावं ठेवली. ठेवा खुशाल. दीड महिना झाला, मला अजून त्या प्रश्नाची लाज वाटत नाही.

थोरल्या बहिणीला आम्ही बाईच म्हणायचो. कुडव्याला तिचं लहानसं किराणा दुकान, मागे दोन खोल्या आणि अंगण. १९९९ साली तिच्याकडे लाल्या नावाचा कुत्रा होता. त्या उन्हाळ्यात मी सालेकशाहून महिनाभर तिच्याकडे राहिले आणि लाल्याचं जेवण मी अंगावर घेतलं. उरलेला मटणाचा रस्सा, गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाचं कांदा-लसणाचं वाटण खरवडून भातात कालवायचं आणि प्रेमानं त्याच्यापुढे ठेवायचं. लाल्या मलूल झाला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी काळपट व्हायला लागली. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कांद्यानं याचं रक्त नासलंय, कुत्र्या-मांजराला कांदा-लसूण म्हणजे विष. दोन दिवसांत लाल्या गेला. बाई अंगणात बसली होती. म्हणाली, "आपणच मारलं त्याले." आपण... घालणारी मी होते. पण 'तू' हा शब्द तिनं त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही कधी काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात तिनं स्टीलचा नवा गंज आणला आणि भांडेवाल्याकडून त्यावर नाव घालून घेतलं, लाल्या. सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या नावांच्या भांड्यांशेजारी फळीवर कुत्र्याचं नाव! तिचे थोरले दीर नामदेवभाऊ भडकले. "कुत्र्याले येगळं रांधून राहिली काऊन? उष्ट्यावरच जगले ना कुत्रे आजपर्यंत?"

"जगले का मेले, पाहाले कोण गेलं होतं भाऊजी?" बाईनं तिथल्या तिथे सुनावलं.

त्या गंजात मीठ कधी पडलं नाही. कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, मऊ भात, त्यात लाल भोपळा, एखादं अंडं, कोंबडीचं मांस, आणि चोरखमाऱ्याच्या तलावाचे मासे कोणी आणले तर तेही, पण शिजवून, काटा न् काटा बोटांनी चाचपून काढलेले. शिजलेलं हाड तर ती कुत्र्याच्या आसपास येऊ द्यायची नाही, फुटलं की सुरीसारखं टोचतं म्हणायची. मांजराला दूध-पोळी घालणाऱ्या शेजारणीला तिनं एकदा ऐकवलं होतं, "ते शिकार करणारं जनावर हाये. त्याले मास पाह्यजे. तुमची पोळी तुम्ही खा." दुकानात कुत्र्यांच्या खाण्याची रंगीत पाकिटं घेऊन एक विक्रेता आला. "दीदी, कंपनी का माल है, चिकनवाला." बाईनं पाकीट उलटं केलं, कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला मागची बारीक अक्षरं वाचायला बसवलं. पहिलं नाव मक्याचं, मग गव्हाचं, कोंबडी कुठेतरी शेवटी. "भैया, सामने मुर्गी का फोटो और अंदर मक्का? मक्का तो मेरे पास बोरे में है." तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही.

तिच्या तेरवीला पंगत बसायची होती. रीतीप्रमाणे आधी गाय, कावळा आणि कुत्रा यांची पानं काढली गेली. नामदेवभाऊ कुत्र्याचं पान घेऊन अंगणात राणीकडे निघाले. पानात वडे होते आणि खीर. खिरीत मूठभर किसमिस. कुत्र्याची मूत्रपिंडं त्यानं निकामी होतात हे बाईनंच मला शिकवलं होतं. मी आडवी आले.

"हे पान तिच्यापुढं नाई ठेवाचं."

"एका दिवसानं काई होत नाई. बाईच्या आत्म्याले शांती भेटू दे."

"हे पान राणीनं खाल्लं त बाई वरून खाली उतरून येईन, भाऊजी!"

पाहुणे थांबलेले, आचारी ताटकळलेला. कोणी मला हट्टी म्हणालं, कोणी डोकं फिरलंय म्हणालं. मी लाल्याचा गंज काढला आणि कनकी धुऊन चुलीवर चढवली. कनकी शिजेपर्यंत सगळी पंगत उपाशी बसली. बसू दे! लाल्याच्या वेळी मी कोणाला विचारलं नव्हतं, या वेळी कोणाचं ऐकणार नव्हते. शेवटी नामदेवभाऊ स्वतः चुलीपाशी आले. गंजात वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मीठ त नाई टाकलं ना?" कुत्र्याचं पान मग त्यांनीच वाढलं.

तेरवीला बाईच्या नावाची भांडी वाटली गेली, घरोघरी आता त्यांत कढी उकळत असेल. मला एक मिळालं, ते मी भाच्याला दिलं. मी लाल्याचा गंज आणला आणि राणीला आणलं. इथे सालेकशाच्या शेजारणी रोज विचारतात, कुत्रीसाठी वेगळं रांधतेस कायले? त्यांना एकदाच लेखी सांगून टाकते. कांदा घालून लाल्याला मी मारलं. बाई असती तर मला थांबवून 'आपण' म्हणाली असती, म्हणून तिच्या जिवंतपणी हे बोलता आलं नाही... मी मारलं.

गंज आत्ताच उतरवला आहे. राणी दारात बसली आहे. गार झालं की वाढते.