चौदा वर्षांचा अनुभवी स्कीअर

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मध्ये हसलात तर मी सांगायचा थांबेन. बारा वर्षं झाली, पण अजून हा किस्सा निघाला की सिसिलिया, म्हणजे माझी बायको, पदराआड तोंड लपवते. चहा घ्या आणि ऐका.

मी एडवर्ड. मूळचा वसईचा, नोकरी मस्कतला. बौशरमध्ये आमच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, कोल्ड स्टोरेज आहे. आत गोठवलेल्या कोंबड्यांच्या पेट्या आणि त्यांचा रखवालदार मी! तेव्हा चौदा वर्षं झाली होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे अठरा. वादी अदाईला घरी पोचलो की सिसिलिया दारातच थांबवायची. ‘आधी आंघोळ! कोंबडीचा वास येतोय!’

त्या दिवसांत शेजारच्या दुबईत एका मॉलच्या पोटात बर्फाचा डोंगर उघडला. पायाला लांब पट्ट्या बांधून लोक त्यावरून घसरायचे. पट्ट्यांना म्हणे स्की म्हणतात. झालं! आमच्या अर्बाबलाही बौशरमध्ये डोंगर हवासा वाटला. भागीदार कोण, तर त्यांचेच सोहारचे मेहुणे. एका सकाळी मला बोलावणं आलं.

“इदवार,” अर्बाब मला असंच म्हणायचे, “तुम बर्फवाला आदमी. दुबई जाओ. स्कीवाला लोग से पूछो, वो जगह कैसे चलाते हैं. लिफ्ट, लाइन, सामान, सब. उनका ओपिनियन लिखके लाओ. काम अच्छा, तो हमारे पहाड का मॅनेजर तुम. यल्ला, चलो!”

मॅनेजर! टाय! कोंबडीचा वास खलास! मी घरी सांगितलं मात्र, सिसिलियाने संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं, आणि वसईला फोन करून एक जाडजूड स्वेटरही मागवला. आता मागे फिरायची सोय उरली का? तुम्हीच सांगा.

मुलगी तेवढी म्हणाली, “पप्पा, बट यू डोन्ट नो... म्हणजे तुम्हाला स्की येत नाही ना?”

“मला कोंबडी तरी कुठे उडवता येते?” मी म्हणालो. “पण स्टोअर चालवतो ना?”

तर दुबई. काउंटरवर त्यांनी जाकीट, जाड पँट, चष्मा, बूट आणि त्या दोन पट्ट्या हातात दिल्या. मी कोपऱ्यात जाऊन सगळं अंगावर चढवलं. पँट पोटावर काही केल्या बसेना. नंतर कळलं, मी ती उलटी घातली होती. पुढचं मागे, मागचं पुढे! पण तोवर आत शिरलो होतो, आणि बूट इतके जड की परत जायची हिंमत होईना.

पट्ट्या खांद्यावर टाकून, खिशातली वही काढून मी उतारापाशी उभा राहिलो. येऊ देत स्कीअर! आले की! वरून एक गोरा सूं करत आला. मी म्हणालो, “एक्सक्यूज मी सर, युवर ओपिनियन...” साहेब गेले. दुसरा आला, तोही गेला. अहो, हे लोक थांबतच नाहीत! तासाभरात एक बाई माझ्या पायाशी येऊन थांबली आणि ओरडली, “मूव्ह!” मी वहीत लिहिलं, ‘ओपिनियन नंबर एक: मूव्ह.’

माझा धीर सुटत चालला होता. अर्बाबला काय दाखवू? सिसिलियाला काय सांगू? आणि तेवढ्यात, देवाची करणी बघा, पलीकडे एक स्कीअर शांतपणे उभा दिसला. नाकावर चष्मा, कानावर टोपी, आणि पट्ट्या उभ्या धरलेल्या, होडीतलं वल्हं धरावं तशा. ऐटच वेगळी! बाकीचे पोरकट लोक घसरताहेत आणि हा नुसता बघतोय. म्हटलं, हाच खरा जाणकार.

मी जवळ गेलो तर तोच आधी बोलला, “हॅलो सर! यू डूइंग मेनी इयर्स? इन आइस?”

आता बर्फात किती वर्षं, तर चौदा. खोटं कुठे बोललो?

“फोर्टीन,” मी म्हणालो.

“माशाल्ला!” तो दोन पावलं मागे सरकला. “मॅनेजमेंट कैसा लगता है आपको?”

मनात म्हटलं, एवढा मोठा माणूस आणि आपल्याला विचारतोय! छाती फुगली हो. पण बर्फाबद्दल मला माहीत काय? कोल्ड स्टोरेज! तेच ठोकून दिलं. “दरवाजा सारखा उघडतात, थंडी बाहेर जाते. आणि ओल्ड आइस फर्स्ट आउट. जुना बर्फ आधी काढायला पाहिजे, नवा मागे लावायचा.”

त्याने चक्क खिशातून वही काढून ते टिपून घेतलं! वा! याला म्हणतात शिकायची वृत्ती.

मग मी विचारलं, “अँड युवर ओपिनियन, सर?”

तो लिफ्टकडे बघत राहिला. डोळे बारीक केले असावेत, चष्म्यातून कळलं नाही. मग म्हणाला, “चेन को ग्रीस कम है. लोड टेस्ट का सर्टिफिकेट बाहर लगाना चाहिए. और नो मॅन अंडर लोड! नीचे एक आदमी, हेल्मेट, सीटी.”

काय अभ्यास! मी दोन पानं भरली. निरोप घेताना आम्ही हातमोज्यांसकट हात मिळवले, आणि दोघेही एकमेकांना ‘पहले आप’ म्हणत उताराच्या उलट्या बाजूंनी निघालो. आता हा स्की का करत नाही, असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्हाला वाटलं? मग तुम्ही माझ्यापेक्षा हुशार.

पुढच्या आठवड्यात बौशरच्या ऑफिसात मीटिंग. मी टाय लावलेला. समोर आमचे अर्बाब, शेजारी सोहारचे मेहुणे. आणि तिथे कळलं, मेहुण्यांनीही आपला माणूस दुबईला पाठवला होता! गुपचूप! त्यांच्या क्रेनवरचा फोरमन, दाऊदभाई. समोरच बसला होता, टक्कल, जाड मिशी. मी मान हलवली, त्याने हलवली. ओळखदेख काही नाही.

आधी माझा रिपोर्ट वाचला गेला. ‘एका अत्यंत वरिष्ठ स्कीअरच्या मते, चेनला ग्रीस कमी आहे...’

दाऊदभाई जोरात म्हणाले, “बरोबर! एकदम बरोबर आदमी है!”

मग त्यांचा रिपोर्ट. ‘चौदा वर्षं बर्फात काढलेल्या एका तज्ज्ञाच्या मते, जुना बर्फ आधी बाहेर...’

“वाह!” मी टेबलावर हात मारला. “क्या बात है! मेरे दिल की बात!” खरंच, अगदी माझ्याच मनातलं वाटत होतं. असं कसं, याचा मात्र उलगडा होईना.

पण इकडे दोन अर्बाबांची जुंपली. कुणाचा स्कीअर मोठा? याचा ग्रीस म्हणतो, त्याचा दरवाजा म्हणतो! शेवटी आमचे अर्बाब म्हणाले, “दोनों स्कीअर को बुलाओ. कैसा दिखता है, बोलो!”

मी उभा राहिलो. “साब, चेहरा नहीं दिखा. लेकिन स्की ऐसे पकडा था, जैसे नाव का वल्हा.”

दाऊदभाईंचा हात मिशीवर थांबला.

“और तुम्हारा?” मेहुण्यांनी त्यांना विचारलं.

“साब,” दाऊदभाई अडखळत म्हणाले, “थोडा पेट था. और... पँट उलटी पहना था.”

मी नको नको म्हणत असताना माझा हात आपोआप पोटावर गेला. आणि दाऊदभाई खुर्चीतून अर्धवट उठले.

“अल्ला! तो तुमीच काय वो?”

“तुम्ही मराठी?”

“आनि तुमी पन?”

म्हणजे बघा! तो रत्नागिरीचा, मी वसईचा. दोन कोकणपट्टीचे गडी, बर्फात उभे राहून, तासभर एकमेकांना तोडकंमोडकं इंग्रजी-हिंदी ऐकवत होते. तोही मला स्कीअर समजला आणि मी त्याला. आम्ही घसरत नव्हतो म्हणूनच एकमेकांना सापडलो!

अर्बाबांनी सगळं समजून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हसले, मेहुणे हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. मग अर्बाब म्हणाले, “खलास. पहाड खलास. लेकिन ओपिनियन अच्छा है!”

मी टाय सोडून परत कोंबड्यांत गेलो. सिसिलियाने त्या रात्री न सांगता गरम पाणी काढून ठेवलं. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. वसईहून आलेला स्वेटर मात्र वाया गेला नाही. आत तोच घालतो.

आणि आठवडाभरात अर्बाबांनी दोन पाट्या रंगवून घेतल्या. एक सोहारला दाऊदभाईंच्या क्रेनखाली: ‘लोडखाली उभे राहू नये.’ दुसरी माझ्या स्टोअरच्या दारावर: ‘जुना माल आधी काढावा.’ दोन्हींच्या खाली बारीक अक्षरांत, ‘वरिष्ठ स्कीअरचे मत.’

कुणी नवा ड्रायव्हर माल उचलायला आला की पाटी वाचतो आणि विचारतो, “ये वरिष्ठ स्कीअर कौन है, भाई?”

मी स्वेटरची बटणं लावतो. “था एक,” म्हणतो. “पँट उलटी पहनता था.”