जेवणाच्या ताटावरचं रोमानियाचं विद्यापीठ

वर्ल्डकपच्या आधीची ती वर्षं. अख्खं दोहा खणून ठेवलेलं. आम्ही अल हिलालला राहायचो आणि आमचे हे एका स्टेडियमच्या साइटवर इंजिनिअर. संध्याकाळी घरी यायचे ते बुटांत वाळू आणि तोंडात त्या बाईच्या गोष्टी घेऊन.

बाई रोमानियाची, ह्यांच्याच ऑफिसात डिझाइनला. केस पिकलेले, रिटायरमेंटला आलेली. त्यामुळे संशय वगैरे काही नव्हता हो. माझ्या पोटात दुखायचं ते तिच्या विद्यापीठावरून.

मी आमटी वाढतेय आणि हे सांगतायत. आधी तिथं नुसती शिक्षक घडवणारी शाळा होती म्हणे, मग त्याचं विद्यापीठ झालं. मग कम्युनिस्ट आले, त्यांनी तत्त्वज्ञान वगैरे बंदच करून टाकलं, कारखान्यांना लागतील तेवढे इंजिनिअर काढा म्हणाले. तिची आई तिथं तत्त्वज्ञान शिकत होती, तिचं अर्ध्यात राहिलं. पुढे क्रांती झाली, कम्युनिस्ट गेले, बंद विभाग उघडले, आणि ती म्हातारी पांढऱ्या केसांनी पुन्हा वर्गात जाऊन बसली. एवढं सांगताना ह्यांचा आवाज भरून यायचा.

माझी तळपायाची आग मस्तकात. कुठल्या परक्या बाईच्या आईचं शिक्षण राहिलं ते ह्यांना खुपतं. आणि मी नाशिकला एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सोडून आले, ते? व्हिसा आला, हे चल म्हणाले, मी बॅग भरली, कॉलेज खलास. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या म्हातारीचा मला इतका हेवा वाटायचा की एकदा आमटी खारट झाली.

एका शुक्रवारी हे तिला जेवायलाच घेऊन आले. मी मसालेभात, कोथिंबीर वडी, सगळा थाट केला. म्हटलं, बघू तरी कोण ही. बाई साधी निघाली. वडी हातात घेऊन सरळ माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. त्याचाही मला रागच आला, वाईट असती तर सोपं गेलं असतं.

जेवताना तिनं मला इंग्रजीत विचारलं, तू काय शिकलीस? मी घास गिळेपर्यंत ह्यांनी उत्तर दिलंसुद्धा, अगदी कौतुकानं.

"बॉटनी. एम.एस्सी. झालीय ती."

"केमिस्ट्री," मी म्हणाले. "आणि झालेली नाही. अर्धी सोडली."

बाईनं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळून बसली. कुठं शिकत होतीस, काय राहिलं, पुन्हा चौकशी केलीस का? मी सांगत सुटले, प्रयोगशाळेत काय करत होते तेसुद्धा. हे खाली मान घालून दहीभात कालवत होते.

ती गेल्यावर हे, कधी नव्हे ते, ताटं उचलू लागले.

"अगं, मला कधी बोलली नाहीस," म्हणाले.

"तिच्या आईच्या शिक्षणाचं तिला विचारलंत, तसं मला कधी विचारलंत?"